पहाडगंज : वेशीबाहेरच्या एका मतदारसंघाची कुळकथा

नवी दिल्ली स्टेशनवर उतरलं की रिक्षावाला आधी विचारतो, "पहाडगंज साइड की अजमेरी गेट साइड?" एक नंबरचा फलाट पहाडगंजच्या अंगाला, सोळा नंबरचा अजमेरी दरवाजाच्या. महाराष्ट्रातून परीक्षेला, मंत्रालयातल्या कामाला किंवा पुढं वैष्णोदेवीला निघालेले कितीतरी जण एक नंबरकडून बाहेर पडतात, समोरचा रस्ता ओलांडतात आणि मेन बझारच्या एखाद्या गल्लीत परवडणारी खोली बघतात. या गल्ल्यांच्या नावानं एके काळी स्वतंत्र आमदार निवडून जायचा. १९९३, १९९८ आणि २००३ या तीन निवडणुकांत दिल्ली विधानसभेच्या सत्तर जागांपैकी एक जागा 'पहाडगंज' होती. २००८ साली ती नकाशावरून गेली. मतदारसंघ म्हणजे आयोगानं कागदावर ओढलेली रेघ, असं आपण धरून चालतो. पण पहाडगंजचं कूळ शोधत मागं गेलं की दिसतं, इथली रेघ आयोगाच्या कितीतरी आधी दगडामातीत पडलेली होती.

शाहजहाननं सतराव्या शतकात तटबंदीची दिल्ली वसवली. तिच्या नैर्ऋत्येला अजमेरी दरवाजा. दरवाजाबाहेर धान्याची मोठी पेठ होती, तिला शाहगंज असंही म्हणत. रायसीनाची टेकडी जवळ, म्हणून तिचं पहाडगंज झालं असं सांगतात. तटाच्या आत दरबार, हवेल्या, जोहरी. बाहेर गाड्या, बैल, पोती, हमाल. शहराला लागतं पण घरात नको असतं, असं सगळं या बाजूला. आजही तिथल्या मोहल्ल्यांची नावं ऐकावीत: चुना मंडी, संगतराशां. चुन्याचा बाजार आणि दगड घडवणाऱ्यांची वस्ती. शहराच्या भिंती ज्यांच्या मालानं आणि हातांनी उभ्या राहतात, त्यांचा मुक्काम भिंतीबाहेर.

भूगोलही पक्का होता. पश्चिमेला अरवलीची शेवटची धार, जिला दिल्लीकर 'रिज' म्हणतात. उत्तरेला फिरोजशहा तुघलकाच्या काळातला कदम शरीफचा दर्गा आणि त्याभोवतीचं नबी करीम. दक्षिणेला पंचकुइयां, म्हणजे पाच विहिरींचा रस्ता. पूर्वेला तट. या चौकटीच्या थोडं खाली, तालकटोऱ्याजवळ, १७३७ साली बाजीरावाच्या फौजेनं बादशहाच्या सैन्याला धूळ चारली होती. मराठी वाचकाला हा परिसर अगदीच परका नाही.

१८५७मध्ये पहाडगंजला स्वतःचं ठाणं होतं आणि ठाणेदार होता मुईनुद्दीन हसन खान. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत घुसले. तेव्हा शहरातला इंग्रज अधिकारी थिओफिलस मेटकाफ जीव वाचवत याच ठाण्यात येऊन पोचला. ठाणेदारानं त्याला कपडे दिले, लपायला जागा शोधून दिली, पुढं पळून जायला मदत केली. त्यानंतर हाच ठाणेदार बंडवाल्यांच्या बाजूनंही वावरला आणि नंतर त्यानं सगळी हकिकत लिहून ठेवली. तिचा इंग्रजी अनुवाद १८९८ साली छापला गेला. दोन सत्तांच्या मधोमध सापडलेला माणूस म्हणून मला तो पहाडगंजचा खरा रहिवासी वाटतो.

कारण पुढं सगळी वस्तीच तशी सापडली. १९११मध्ये राजधानी कलकत्त्याहून हलवायचं ठरलं आणि रायसीनावर नवं शहर उभं राहू लागलं. अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्यामध्ये रूळ आणि स्टेशन आलं. पूर्वेची सीमा आधी तटाची होती, आता लोखंडाची झाली. दक्षिणेला कनॉट प्लेसचे पांढरे खांब उभे राहिले. नव्या दिल्लीची नगरपालिका पंचकुइयां रोडशी थांबते. रस्त्याच्या पलीकडं रुंद फुटपाथ आणि कडुनिंबाच्या रांगा, अलीकडं गल्ल्या. जुन्या शहरानं बाहेर ठेवलेलं गाव नव्या शहरानंही आत घेतलं नाही.

सप्टेंबर १९४७मध्ये पहाडगंजात भयानक कत्तली आणि लुटालूट झाली. इथले मुसलमान रहिवासी मोठ्या संख्येनं निर्वासित छावण्यांत गेले, पुष्कळसे तिथून पाकिस्तानात. त्यांच्या रिकाम्या घरांत पश्चिम पंजाबातून आलेली हिंदू-शीख कुटुंबं शिरली. मुलतानी ढांडा हे मोहल्ल्याचं नाव त्या लोंढ्याची खूण सांगतं. १९४१मध्ये दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती, १९५१मध्ये ती १७ लाखांवर गेली. पहाडगंजचा मतदार असा घडला: कुणी पिढ्यान्‌पिढ्यांचा, कुणी सगळं गमावून आलेला, आणि पुढं हॉटेलं वाढली तसा कुणी पोटासाठी आलेला. याच भागात दिल्लीतल्या मराठी मंडळींनी आपली शाळा चालवली, ती नूतन मराठी. बृहन्महाराष्ट्र भवनही इथलंच. स्टेशनला लागून असलेल्या जागेची किंमत परगावाहून आलेल्यांना बरोबर कळते.

आता मताच्या हक्काची गोष्ट. पहाडगंजच्या उत्तर अंगानं देशबंधू गुप्ता रोड जातो. रोज हजारो माणसं हे नाव उच्चारतात, पण नावामागचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नसतो. लाला देशबंधू गुप्ता १९०१ साली पानिपतला जन्मले. 'तेज' या उर्दू दैनिकाचे ते संपादक होते आणि घटना समितीत दिल्लीचे प्रतिनिधी. दिल्लीच्या लोकांना स्वतःचं विधिमंडळ हवं, हा धोशा त्यांनी सोडला नाही. १९५१च्या कायद्यानं ते मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याजवळ विमान कोसळून ते गेले आणि चार महिन्यांनी, मार्च १९५२मध्ये, दिल्लीनं आपली पहिली विधानसभा निवडली. ४८ सदस्यांची. ज्यानं ताट वाढायला लावलं त्याला पहिला घास मिळाला नाही, याची मला फार हळहळ वाटते.

ती विधानसभा टिकलीही नाही. फाजल अली आयोगाच्या अहवालानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती गेली. मराठी माणसाला या आयोगाची निराळी ओळख करून द्यायला नको. त्यानं आपल्याला संयुक्त महाराष्ट्र नाकारला. आपण रस्त्यावर उतरलो आणि १९६०मध्ये राज्य घेतलं. दिल्लीला मात्र ३७ वर्षं वाट पाहावी लागली. मधल्या काळात महापालिका आली, १९६६च्या कायद्यानं महानगर परिषद आली, पण परिषदेला कायदे करायचा अधिकार नव्हता, फक्त सल्ला द्यायचा. अखेर १९९१च्या एकोणसत्तराव्या घटनादुरुस्तीनं सत्तर जागांची विधानसभा परत आणली आणि नोव्हेंबर १९९३मध्ये पहाडगंजनं आपल्या नावाच्या जागेसाठी मतदान केलं.

ही जागा गेली ती कुणाच्या आकसानं नव्हे, गणितानं. २००१च्या जनगणनेत दिल्ली १ कोटी ३८ लाखांवर पोचली. सत्तर जागांत वाटलं तर एका जागेला सुमारे २ लाख माणसं. बाहेरच्या वसाहती फुगत होत्या आणि मध्य दिल्ली जिल्ह्याची वस्ती उलट किंचित घटली होती. घरं जाऊन गोदामं आणि लॉज आले की पाहुणे वाढतात, मतदार घटतात. मेन बझारात रात्री झोपणारी निम्मी माणसं मतदारयादीत कुठून असणार? न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगानं जुन्या शहराभोवतालच्या जागा कमी करून बाहेर नव्या दिल्या आणि पहाडगंज करोलबागेत घातलं. करोलबाग अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथं २०१३पासून आम आदमी पक्षाचे विशेष रवी निवडून येताहेत, अगदी २०२५मध्ये पक्षाची सत्ता गेली तेव्हाही.

समान मताला समान वजन हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. तरी मला वाटतं, पहाडगंजचं दुखणं वेगळं आहे. तिथली पाण्याची लाइन, कचरा, विजेच्या तारांची जाळी यांच्यावर भार पडतो तो राहणाऱ्यांचा कमी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा जास्त. तो भार मोजणारा रकाना जनगणनेत नाही. करोलबागेत सोन्याची गलाई करणारे आपले विटा-खानापूरकडचे लोक आणि मेन बझारचे हॉटेलवाले आता एकाच आमदाराकडं जातात, पण त्यांचे प्रश्न एक नाहीत.

पहाडगंज नावाचा महापालिकेचा प्रभाग अजून आहे, ठाणं आहे, स्टेशनची बाजू आहे. विधानसभेच्या जागांची फेरमांडणी २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती गणना २०२७मध्ये व्हायची आहे. त्यानंतर आयोग बसेल, मसुदा प्रसिद्ध करेल, हरकती मागवेल, जाहीर सुनावण्या घेईल. चुना मंडीच्या दुकानदारांनी, मुलतानी ढांड्यातल्या कुटुंबांनी आणि बृहन्महाराष्ट्र भवनात जमणाऱ्या मंडळींनी त्या सुनावणीला कागदपत्रं घेऊन जायला हवं.