हृदयविकाराचा झटका : संशोधनाची झेप आणि निसटणारा वेळ

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णासाठी १९५० च्या सुमारास डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिन, प्राणवायू आणि चार ते सहा आठवडे सक्तीची विश्रांती एवढाच उपचार असे. आज त्याच रुग्णाची बंद पडलेली रक्तवाहिनी तासा-दीड तासात उघडता येते आणि गुंतागुंत नसेल तर तीन-चार दिवसांत तो घरीही जाऊ शकतो. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतकी मोठी प्रगती थोड्याच आजारांच्या वाट्याला आली आहे. मात्र या उपचारांचा लाभ ठराविक वेळेतच मिळतो. त्यामुळे झटका येण्यापासून रुग्णालयाचे दार गाठेपर्यंतचा काळ आणि घरी परतल्यानंतरची वर्षे, या दोन टप्प्यांवर रुग्णाचे भवितव्य ठरते.

झटका म्हणजे नेमके काय?

हृदय शरीरभर रक्त पोहोचवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्ताची गरज असते. ते काम करोनरी धमन्या करतात. या धमन्यांच्या आतील आवरणाखाली वर्षानुवर्षे मेदाचे थर साचत जातात. एखादा थर अचानक फुटला, की तेथे रक्ताची गुठळी तयार होते आणि धमनी बंद होते. पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने तेथील स्नायू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. ‘कार्डिअ‍ॅक अ‍ॅरेस्ट’ म्हणजे हृदयक्रिया अचानक बंद पडणे. ती झटक्यामुळे उद्भवू शकते, पण या दोन गोष्टी एक नव्हेत.

गुठळी हे झटक्याचे कारण आहे की परिणाम, याविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद होता. १९८० मध्ये अमेरिकेतील डॉ. मार्कस डीवुड यांनी तीव्र झटका आलेल्या रुग्णांची अँजिओग्राफी तातडीने केली. पहिल्या चार तासांत तपासलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्के रुग्णांची धमनी पूर्ण बंद आढळली. गुठळी हाच मुख्य शत्रू आहे हे सिद्ध झाले आणि उपचारांची दिशा बदलली.

धाडसी प्रयोगांची परंपरा

या टप्प्यापर्यंतची वाट अनेकांनी तयार केली होती. १९२९ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि क्ष-किरण चित्र काढून ते सिद्ध केले. या कामासाठी १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स यांनी करोनरी धमन्यांची अँजिओग्राफी साध्य केली. त्याच संस्थेत १९६७ मध्ये अर्जेंटिनाचे डॉ. रेने फाव्हालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास शस्त्रक्रियेची पद्धत रूढ केली. छाती न उघडता, फुग्याच्या साहाय्याने अरुंद धमनी रुंदावण्याची पहिली करोनरी अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे केली. उघडलेली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून जाळीदार धातूची नळी, म्हणजेच स्टेंट, १९८६ मध्ये प्रथम माणसाच्या हृदयात बसवण्यात आला. औषधाचा लेप असलेले स्टेंट त्यानंतर आले.

औषधांच्या क्षेत्रातील क्रांती याहून कमी नव्हती. १९८६ मध्ये इटलीत ११ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘गिसी’ चाचणीत गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यूंचे प्रमाण घटते हे दिसून आले. १९८८ मधील ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीने तर सर्वांना चकित केले. साध्या अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांशी निगडित मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे दिलेल्यांत ही घट ४२ टक्के होती. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून शोधलेल्या द्रव्यामुळे स्टॅटिन गटातील औषधांचा मार्ग खुला झाला. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णांमधील एकूण मृत्यूंत स्टॅटिनमुळे ३० टक्के घट आढळली.

पहिल्या तासाचे मोल

‘गिसी’ चाचणीतील एक तपशील प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावा असा आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत औषध मिळालेल्या रुग्णांत मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. तीन तासांच्या आत आलेल्यांचा एकत्रित विचार केल्यास ही घट २३ टक्के होती, तर तीन ते सहा तासांत आलेल्यांत १७ टक्के. सहा तासांनंतर आलेल्यांत लाभ दिसला नाही. औषध तेच आणि मात्राही तीच, फरक फक्त वेळेचा होता.

आज तातडीची अँजिओप्लास्टी हा अधिक प्रभावी उपचार मानला जातो. मात्र निदानापासून सुमारे १२० मिनिटांत ती होण्याची शक्यता नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टेनेक्टेप्लेजसारखे औषध एकाच इंजेक्शनद्वारे देता येत असल्याने लहान गावातील रुग्णालयातही हा उपचार सुरू होऊ शकतो. म्हणूनच ‘मोठ्या शहरातच नेऊ’ असा हट्ट धरून वाटेतले सुसज्ज रुग्णालय टाळणे घातक ठरू शकते.

भारतीय रुग्ण कोठे अडतो?

भारतातील रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,९३७ रुग्णांच्या नोंदींवर आधारित ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. धमनी पूर्ण बंद करणाऱ्या तीव्र झटक्याच्या रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयात पोहोचण्यास ३६० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ लागला होता. दाखल झाल्यानंतर औषध मिळेपर्यंतचा मध्यम काळ होता ५० मिनिटे. म्हणजे विलंबाचा मोठा हिस्सा रुग्णालयाबाहेरचा होता. गरीब रुग्णांना परिणामकारक उपचार कमी प्रमाणात मिळाले आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अधिक होते, हेही याच अभ्यासाने दाखवून दिले.

हा विलंब कशामुळे होतो? ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा, सोडा किंवा पित्तशामक गोळी घेऊन वाट पाहणे, रात्रीची वेळ म्हणून सकाळपर्यंत थांबणे, मुलगा कामावरून येईपर्यंत थांबणे, वाहन आणि पैशांची जुळवाजुळव करणे, ही कारणे आपल्या घराघरांत परिचित आहेत. स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात छातीत तीव्र कळ येण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा अशी लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे त्यांच्या बाबतीत निदान लांबण्याचा धोका अधिक असतो.

दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका तुलनेने लवकर येतो, हे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. येथील रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे मध्यम वय ५३ वर्षे होते, तर अन्य देशांत ते सुमारे ५९ होते. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा वाढता घेर, मानसिक ताण, तसेच व्यायामाचा आणि फळे-भाज्यांचा अभाव हे घटक या अभ्यासात महत्त्वाचे ठरले. यांपैकी बहुतेकांवर नियंत्रण ठेवणे शक्य आहे.

तामिळनाडूचा धडा

वेळेचा हा प्रश्न केवळ व्यक्तीचा नाही, तो व्यवस्थेचाही आहे. तामिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात अँजिओप्लास्टीची सोय असलेली मोठी रुग्णालये, भोवतालची लहान रुग्णालये आणि रुग्णवाहिका एका जाळ्यात गुंफण्यात आल्या. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवस्था सुरू होण्यापूर्वी वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्के होते. नंतर ते १४.२ टक्क्यांवर आले. कोणतेही नवे औषध न शोधता, उपलब्ध साधनांची नीट मांडणी करून हे घडले.

महाराष्ट्रातही २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधलेपित स्टेंटसाठी ती त्यावेळी २९,६०० रुपये होती. पैशांअभावी थबकणाऱ्या कुटुंबांनी या सोयींची माहिती आधीच करून घेणे हिताचे आहे.

प्रत्येक ‘ब्लॉकेज’ला स्टेंट हवा का?

तीव्र झटक्यात अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याबद्दल दुमत नाही. परंतु चालताना छातीत दुखणे, विश्रांती घेतली की थांबणे, अशी दीर्घकाळ स्थिर लक्षणे असणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. २००७ मधील ‘करेज’ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांत, अशा रुग्णांमध्ये उत्तम औषधोपचारांच्या जोडीला सुरुवातीलाच स्टेंट किंवा शस्त्रक्रिया केल्याने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. वेदना कमी होण्यास मात्र मदत झाली. डाव्या मुख्य धमनीतील अडथळा किंवा हृदयाची क्षीण झालेली क्षमता असे अपवाद आहेत. प्रकृती स्थिर असेल, तर अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचे मत विचारण्यास वेळ असतो. झटक्यात मात्र तो नसतो, आणि हा भेद रुग्णाच्या नातेवाइकांनी समजून घेतला पाहिजे.

घरी परतल्यानंतर

स्टेंट बसवला म्हणजे आजार गेला, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. धमन्यांतील मूळ प्रक्रिया चालूच राहते. त्यासाठी अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि गरजेनुसार रक्तदाबाची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. झटक्यानंतर गुठळी रोखणारे दुसरे औषधही साधारणपणे वर्षभर दिले जाते. दाताच्या उपचारासाठी किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून ते परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणघातक झटका येऊ शकतो.

या बाबतीतील उपेक्षा मोठी आहे. २०११ च्या ‘प्युअर’ अभ्यासात, पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांपैकी अल्प उत्पन्न देशांतील ८० टक्के लोक एकही प्रतिबंधक औषध घेत नसल्याचे आढळले. अनेक गोळ्यांचा जाच कमी व्हावा म्हणून तीन औषधे एकत्र असलेल्या ‘पॉलीपिल’चा पर्याय पुढे आला. २०२२ मधील ‘सिक्युअर’ चाचणीत तिच्यामुळे पुढील गंभीर घटनांत २४ टक्के घट दिसली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

रुग्णाला आधार कोणाचा?

झटक्यानंतर अनेकजण मनाने खचतात. जिना चढण्याची, प्रवासाची, सहजीवनाची भीती वाटू लागते. ही केवळ मनाची हळवी अवस्था नव्हे. १९९३ मध्ये माँट्रियल येथील संशोधकांनी झटक्यानंतरच्या नैराश्यामुळे पुढील सहा महिन्यांतील मृत्यूचा धोका वाढतो, असे दाखवून दिले. अशा वेळी त्याच अनुभवातून गेलेल्या माणसाचा शब्द मोलाचा ठरतो. १९५१ मध्ये बोस्टन येथे डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या चार रुग्णांनी ‘मेंडेड हार्ट्स’ ही संस्था याच हेतूने स्थापन केली. बरे झालेले रुग्ण नव्या रुग्णांना भेटून धीर देतात, हे तिचे मुख्य कार्य.

देखरेखीखालील व्यायाम, आहार आणि समुपदेशन यांच्या एकत्रित कार्यक्रमाला हृदय-पुनर्वसन म्हणतात. व्यायामावर आधारित अशा कार्यक्रमांमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसते. भारतात अशी केंद्रे मोजकी असल्याने २४ रुग्णालयांत योगावर आधारित कार्यक्रमाची चाचणी घेण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गंभीर घटना निश्चितपणे घटल्या असे म्हणता आले नाही. तथापि रुग्णांचे आरोग्यमान सुधारले आणि पूर्वीचे व्यवहार सुरू करण्यास मदत झाली. योग हा औषधांना पूरक आहे, पर्याय नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

लक्षणे दिसल्यास काय करावे?

* छातीत दडपण, जडपणा वा जळजळ, ती हात, जबडा, पाठीकडे पसरणे, दरदरून घाम, धाप, मळमळ अशी लक्षणे विनाकारण सुरू झाली आणि थांबली नाहीत, तर वाट पाहू नये.
* १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये, जिने चढू-उतरू नयेत.
* ईसीजीची आणि तातडीच्या उपचारांची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. पहिला ईसीजी दहा मिनिटांत व्हावा, असा दंडक आहे. तो निर्दोष आला तरी लक्षणे कायम असल्यास पुन्हा काढावा लागतो.
* अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसल्यास, वैद्यकीय सल्ल्याने ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यावी. जिभेखालील गोळी रक्तदाब एकदम उतरवू शकते. डॉक्टरांनी आधी सांगितली नसल्यास ती घेऊ नये.
* जोराने खोकत राहिल्याने झटका टळतो, या संदेशावर विश्वास ठेवू नये.
* रुग्ण बेशुद्ध होऊन श्वास थांबल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरदार दाब देत राहावे.

जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री-अपरात्री हृदयरोगाचे उपचार मिळतात, रुग्णवाहिका किती वेळात येते, घरातील ज्येष्ठांचे जुने अहवाल कोठे ठेवले आहेत, याची माहिती प्रत्येक घरात असावी. शास्त्रज्ञांनी अथक परिश्रमांनी मिळवून दिलेली मिनिटे निर्णय घेण्यातच खर्च होऊ नयेत, यासाठी एवढी तयारी पुरेशी आहे.