लाल जमिनीचा हिशेब

चामराजपेट ही बंगळूरच्या जुन्या पेठेबाहेर आखून वसवलेली पहिली वस्ती. साल १८९२, गादीवर दहावे चामराजेंद्र वडियार, दिवाणपदी शेषाद्री अय्यर. सरळ रस्ते आणि घरांच्या मागून जाणाऱ्या सफाईच्या गल्ल्या ही तिची रचना पुढच्या वस्त्यांना नमुना ठरली. या भागातल्या जुन्या घरांवर लिहिणारे कौलांवर लिहितात, ओसरीच्या खांबांवर लिहितात, खिडक्यांवरच्या टोकदार लाकडी छपरांवर तर हमखास लिहितात. पायाखालच्या जमिनीबद्दल मात्र एका वाक्यात निकाल लागतो: पूर्वी तांबडी रेड ऑक्साइडची जमीन होती, ती झिजली, भेगाळली, मग लोकांनी टाइल्स घातल्या. हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे, पण ते पुरते खरे नाही. घराची जमीन बदलते ती नुसती झिजली म्हणून नव्हे. ती राखण्याची मेहनत ज्यांच्या अंगावर असते ते हात बदलले, महाग झाले किंवा नाही म्हणू लागले की ती बदलते. चामराजपेटच्या जमिनीचा सव्वाशे वर्षांचा प्रवास तपासला तर तो टिकाऊपणापेक्षा मेहनतीच्या वाटणीचा इतिहास निघतो.

सुरुवात सारवणापासून करावी लागते. मातीची धुमसलेली जमीन आणि तिच्यावर शेणाचा हात ही दख्खनपासून म्हैसूरपर्यंतची सर्वसाधारण रीत. ही जमीन टिकाऊ नव्हती आणि कोणाची तशी अपेक्षाही नव्हती. ती सतत नवी केली जाई, आठवड्याला, सणावाराला, घरात लग्नकार्य निघाले की. तिचा खर्च पैशात दिसत नसे, कारण तो बायकांच्या गुडघ्यांवर आणि मनगटांवर पडत असे. या रीतीला पहिला मोठा धक्का दिला तो प्लेगने. मुंबईत १८९६ साली आणि बंगळूरात १८९८ च्या ऑगस्टमध्ये साथ आली. उंदीर, पिसवा आणि रोग यांची साखळी वैद्यकाला पुरती मान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली, पण मातीच्या जमिनीवर सरकारी संशय पहिल्यापासून होता. मुंबई-पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून कौले काढली गेली. पक्की, उंदराला पोखरता न येणारी जमीन ही त्यानंतर आरोग्याची खूण ठरली. बंगळूरच्या नव्या वस्त्या याच भीतीच्या सावलीत वाढल्या. त्यामुळे सारवणाची जागा पक्क्या जमिनीने का घेतली याचे एक उत्तर प्लेग देतो, हे मान्यच करायला हवे.

पण प्लेग अर्धेच उत्तर देतो. पक्की जमीन हवी तर बंगळूर शहर उभेच मुळी कातळावर आहे. ग्रॅनाइट आणि नीस यांच्या चिपा इथे पायऱ्यांना, कुंपणांना, अंगणांना मुबलक वापरल्या जात. उत्तरेला कलबुर्गीकडची शहाबादी फरशी होती, आंध्राकडचा कडप्पा होता, आणि मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढल्यापासून भाजक्या मातीचा पर्यायही होता. उंदीर यांतले काहीच पोखरू शकत नाही. मग मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणि दिवाणखान्यात लाल जमीनच का पसरली? त्यासाठी ती कशी होत असे हे जवळून पाहायला हवे. विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर धुमसून तळ करायचा, त्यावर मसाला अंथरायचा, आणि तो ओला असतानाच सिमेंट व लोहभस्माची तांबडी पूड यांचा पातळ लेप चढवायचा. मग थापीने घोटायचे, पुन्हा घोटायचे, पाण्याचा अंश वर आला की थांबायचे, जिरला की परत घोटायचे. कडेची रेघ हवी तर ओल्या लेपावर दोरी ताणून दाबायची. मोठ्या खोलीचे खण पाडायचे, म्हणजे आकसताना भेग गेलीच तर त्या रेघेतून जाईल. एक खण एका दमात पुरा व्हायला हवा, नाहीतर सांधा कायमचा दिसतो. त्यानंतर कित्येक दिवस जमिनीवर पाणी तुंबवून ठेवायचे. चकाकी याच्याही पुढची गोष्ट. ती मेण आणि खोबरेल तेल चोळून, महिनोन्महिने पुसून येते. हिशेब सरळ आहे. माल थोडा, मेहनत भरपूर. दगडाच्या चिपेला खाण, गाडी आणि घडाई लागते, लाल कोब्याला गवंड्याचा हात आणि घरच्या माणसांचा रोजचा फडका पुरतो. त्या काळी हे दोन्ही स्वस्त होते, म्हणून लाल जमीन स्वस्त होती.

इथे कालगणनेचाही एक मुद्दा आहे. तांबड्या लेपाची ही रीत सर्रास व्हायला सिमेंट हाताशी यावे लागते. हिंदुस्थानात पोर्टलंड सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न मद्रासला १९०४ साली झाला. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये माल काढू लागला, तेव्हा कुठे देशी सिमेंटचा नेमाने पुरवठा सुरू झाला. त्याआधीचे सिमेंट विलायतेहून पिंपांतून येई आणि ते साध्या घरात ओतण्याइतके स्वस्त नव्हते. तेव्हा १८९२ च्या सुमाराच्या घरात आज दिसणारी लाल जमीन मूळचीच असेल असे धरून चालता येत नाही. पुष्कळ घरांत ती चुन्याच्या किंवा मातीच्या जमिनीवर नंतर चढलेली असणार. ज्या जमिनीला आपण अस्सल म्हणतो, तीसुद्धा एकेकाळी कोणीतरी जुनी काढून घातलेली नवी जमीन होती. म्हणून टाइल्स आल्या आणि मूळचे गेले अशी हळहळ इतिहासाला धरून नाही. बदल पूर्वीही होत होता. प्रश्न असा की प्रत्येक बदलात मेहनत कोणाकडून कोणाकडे सरकली.

ती सरकण्याचा पुढचा टप्पा कारखाना. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने भारत फ्लोरिंग टाइल्स ही कंपनी काढली. विलायती फरशीला देशी पर्याय हा तिचा स्वदेशी बाणा. सिमेंटच्या नक्षीदार आणि मोझॅक फरश्यांनी गवंड्याचे निम्मे काम साच्यात आणि दाबयंत्रात नेले. चकाकीसाठी घरच्या माणसांना महिनोन्महिने राबायला नको, पॉलिशचे यंत्र दोन दिवसांत ती आणून देते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुस्थितीतल्या घरांची पसंती मोझॅककडे वळली यात नवल नाही. मग शतक उलटता उलटता व्हिट्रिफाइड टाइल आली. गुजरातेतल्या मोरबीच्या भट्ट्यांतून निघणारी ही टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच शोषते. तिला घोटणे नाही, मेण नाही, पाणी तुंबवणे नाही. बंगळूरच्या बांधकामाच्या तेजीत जाणत्या गवंड्याची मजुरी चढली आणि दोन बाय दोनची टाइल बसवणारा कारागीर मात्र सहज मिळू लागला, तेव्हा लाल जमिनीचा हिशेब उलटा झाला. माल महाग असूनही टाइल परवडू लागली, कारण मेहनत वगळली गेली होती. राडारोडा नको म्हणून ती कित्येकदा जुन्या जमिनीवरच चिकटवतात. मग जमिनीची पातळी वर येते, दारांच्या फळ्या खालून रंधून काढाव्या लागतात आणि उंबरा जवळजवळ जमिनीच्या पातळीत येतो. जुन्या घरात दार विचित्र आखूड वाटले तर त्याच्याखाली आणखी एक जमीन दडली आहे असे खुशाल समजावे.

यावर पहिला आक्षेप जाणकार गवंडीच घेईल. तो म्हणेल, लाल जमीन खरोखरच भेगाळते आणि तिला ठिगळ लावता येत नाही. नव्या सिमेंटचा रंग जुन्याशी जुळत नाही, वर मेण-तेल मुरलेले असल्याने नवा लेप धरत नाही. मग लोकांनी काय करायचे? आक्षेप खरा आहे. पण भेग आणि झीज या वेगळ्या गोष्टी. भेग बहुधा तळ खचल्याने, पाण्याची नळी गळल्याने किंवा खण न पाडल्याने येते. पृष्ठभाग पावलांनी झिजतो तो हळूहळू, आणि त्यावरचा उपाय फडका व मेण हाच असतो. बिघडलेला खण पुरता खोदून नवा ओतणे हीच त्या जमिनीची दुरुस्ती होती आणि खण पाडण्याचा तो दुसरा फायदा होता. रंगात फरक राहिला तरी घर चालत असे. ही दुरुस्ती अशक्य झाली ती सिमेंट बदलले म्हणून नव्हे, ती करणारा माणूस कामावरून गेला म्हणून. शिवाय ठिगळाच्या कसोटीला टाइल उतरते का? एक टाइल फुटली की तीच छटा दुकानात मिळत नाही, तो साचाच बंद झालेला असतो. म्हणून शहाणी माणसे उरलेला खोका माळ्यावर जपून ठेवतात. तो संपला की सगळी खोली उकरायची.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लाल जमिनीचे कौतुक करणारे बहुधा ती पुसणारे नसतात. नारळाच्या शेंडीने जमीन घासणे, मेण चोळणे, तेलकट फडका फिरवणे ही कामे घरातल्या बायकांनी किंवा थोड्या पगारावरच्या मोलकरणींनी केली. त्या मेहनतीतून सुटका झाली याला ऱ्हास कसा म्हणायचे? म्हणू नये. सारवणातून सुटका ही प्रगती होती, मेणाच्या फडक्यातून सुटका हीसुद्धा प्रगतीच आहे. पण तेवढे सांगून थांबले तर हिशेब अर्धाच राहतो. मेहनत नाहीशी झालेली नाही, ती दृष्टीआड गेली. ती मोरबीच्या भट्ट्यांत आहे, शेकडो कोस माल वाहणाऱ्या ट्रकांत आहे, आणि फोडलेल्या जमिनीचा राडारोडा गोण्यांत भरून शहराबाहेर टाकणाऱ्या मजुरांच्या पाठीवर आहे. गोडवे गाणारा घरातली मेहनत विसरतो आणि टाइलवाला घराबाहेरची.

मेहनत वाचली की तिच्याबरोबर आणखीही काही दृष्टीआड जाते, हा नियम घरापुरताच नाही. हौसेच्या फायबरग्लासच्या बोटींचेच पाहा. त्यांच्यात तळावर प्लायवुड आणि त्यावर डिंकाने चिकटवलेला गालिचा ही सोय लोकप्रिय झाली, कारण ती झटपट होते आणि अनवाणी पायांना मऊ लागते. लाकडी तक्त्यांची जुनी जमीन दरसाल खरवडून तिला तेल किंवा वॉर्निश द्यावे लागे. गालिच्याने ते काम वाचवले आणि त्याचबरोबर तपासणीही बंद पाडली. स्क्रूच्या भोकांतून शिरलेले पाणी गालिच्याखाली साचते, वाळायला वाट नसते, आणि गालिचा झिजला म्हणून उचलावा तर खालचे प्लायवुड कुजलेले निघते. निगा वाचवणारे आच्छादन बिघाड झाकते आणि मग दुरुस्तीऐवजी संपूर्ण बदलच उरतो. चामराजपेटच्या घरात जुन्या जमिनीवर टाइल चिकटवताना खाली नळी गळते आहे का, तळ पोकळ झाला आहे का हे कोणी पाहिले नाही, तर तिथेही हेच घडते.

म्हणून जुनी जमीन बदलताना ती शोभते का, ती टिकेल का, एवढेच विचारणे अपुरे आहे. दहा-वीस वर्षांनी ती दुरुस्त कोण करणार, त्याचे कसब शहरात जिवंत आहे का, आणि त्याला वाजवी मजुरी द्यायची आपली तयारी आहे का, हे विचारायला हवे. उत्तर नाही असे आले तर टाइल घालावी आणि त्यात लाज मानू नये. पण उत्तर हो असेल, तर लाल जमिनीला पुन्हा काम मिळू शकते, मात्र फुकटच्या मनगटांच्या जोरावर नव्हे, जाणत्या गवंड्याला पुरती मजुरी मोजून. वारसा जतन करणाऱ्यांनीही एवढे ध्यानात घ्यावे की दर्शनी भाग एकदा रंगवून जपता येतो, जमीन मात्र जपणाऱ्या माणसाच्या पगारासकटच जपावी लागते.