चित्राची प्रत आणि गुणहानी : जेपेग-पद्धतीचा ऐतिहासिक विचार

चित्रकाराने काळजीपूर्वक छायांकित केलेले चित्र संकेतस्थळ-रचनेच्या एखाद्या तयार साधनातून जालावर चढविले, म्हणजे पडद्यावर दिसणारी प्रत मुळाशी तंतोतंत जुळत नाही, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. रेषांच्या कडेला धूसर ठिपके उमटतात, जलरंगाच्या फिकट थरांतील पोत सपाट होतो, गडद तांबडा मलूल दिसतो. या बिघाडाचे खापर सामान्यतः त्या साधनावर फोडले जाते. वस्तुतः ही हानी एकाच दोषातून उद्भवत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून निरनिराळ्या हेतूंनी घेतलेल्या निर्णयांचे थर तिच्यात एकावर एक साचले आहेत. चित्रातील कोणता अंश त्याज्य, हे कोणी व कोणत्या आधारावर ठरविले, याचा क्रमाने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ चित्रविद्येत नसून संदेशवहनाच्या शास्त्रात आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशातील माहितीचे मापन करण्याची रीत मांडली, आणि १९५१ च्या निबंधात ती छापील इंग्रजीला लावून दाखविली. पुढील अक्षर कोणते, याचा अंदाज वाचकाला बराचसा बांधता येतो. अर्थात भाषेत पुनरुक्तीचा मोठा अंश असतो, हे त्यांचे प्रतिपादन भाषाभ्यासकांना परिचित आहे. पुनरुक्ती काढून संक्षेप केला, तरी मूळ मजकूर अक्षरशः परत मिळविता येतो. हा निर्हानी संक्षेप होय. १९५९ मध्ये शॅनन यांनी निराळा प्रश्न विचारला : ठरावीक मर्यादेपर्यंतची विकृती मान्य केली, तर संदेश किती लहान करता येईल? सहानि संक्षेपाची सैद्धांतिक बैठक येथे तयार झाली. मात्र मान्य विकृती कोणती, याचे उत्तर गणित देत नाही. ते कोणाला तरी ठरवावे लागते.

बैठक होती, परंतु सोयीचे उपकरण नव्हते. ते बंगळूर येथे जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दिले. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ मध्ये कोसाइन-रूपांतराच्या अभ्यासासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे साहाय्य मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी आहे, अशा आशयाचा एका परीक्षकाचा अभिप्राय होता, असे अहमद यांनी १९९१ मध्ये लिहिले आहे. तथापि टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्राच्या लहानशा चौकटीतील उजेड-अंधाराची मूल्ये घेऊन, त्यांत मंद बदल किती आणि जलद बदल किती, हे सांगणारे सहगुणक हे रूपांतर देते. छायाचित्रात बहुतेक आशय मंद बदलांत एकवटतो. जलद बदलांचे सहगुणक प्रायः लहान असतात. येथवर हानी तत्त्वतः काहीच नाही. रूपांतर उलट फिरविले की मूळ मूल्ये परत मिळतात.

हानीचा खरा उगम पुढच्या टप्प्यात आहे. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटना आणि दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय समिती यांच्या तज्ज्ञांचा संयुक्त गट स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'जेपेग' ही संज्ञा रूढ झाली. १९९२ मध्ये मान्य झालेल्या त्यांच्या मानकात चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतात, प्रत्येकाचे ६४ सहगुणक काढतात आणि प्रत्येक सहगुणकाला एका कोष्टकातील ठरावीक अंकाने भागून भागाकार जवळच्या पूर्णांकात आणतात. मानकाच्या परिशिष्टातील उदाहरणादाखल दिलेल्या कोष्टकात उजेडाच्या पहिल्या सहगुणकासाठी भाजक १६, तर सर्वांत जलद बदलासाठी ९९ आहे. सहगुणक ५० असेल, तर १६ ने भागून ३ उरतात आणि उलट गुणाकाराने ४८ मिळतात. हानी अल्प आहे. परंतु जलद बदलाचा सहगुणक ४० असेल, तर ९९ ने भागल्यावर शून्य येते आणि तो तपशील कायमचा जातो. हे भाजक मानवी दृष्टीच्या प्रयोगांवरून घेतलेले आहेत. रंगांच्या कोष्टकात तर बहुतेक घरांत ९९ हाच अंक आहे. कारण डोळा उजेडातील सूक्ष्म भेद जितके टिपतो, तितके रंगातील टिपत नाही. शिवाय अनेकदा रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी, म्हणजे एकचतुर्थांशच ठेवली जाते.

हा निर्णय त्या काळाच्या गरजेला धरून होता. ४००० × ३००० पिक्सेलांचे रंगीत चित्र असंक्षिप्त स्वरूपात ३ कोटी ६० लक्ष बाइट व्यापते. सेकंदास २८,८०० बिट वाहणाऱ्या १९९४ च्या मोडेमला ते पाठविण्यास १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागला असता. पिक्सेलमागे १ बिट ठेवल्यास तेच काम सुमारे ७ मिनिटांत होते. जेपेगने ही वाट मोकळी केली नसती, तर जालावर चित्रे इतक्या लवकर रुळली नसती.

परंतु 'चित्र' म्हणजे येथे छायाचित्र, हे गृहीत धरले होते. मानकाचे लक्ष्य अखंड छटांचे दृश्य होते. पांढऱ्या कागदावरील काळी रेघ, लाकूडठशाची कड किंवा देवनागरी सुलेखनातील शिरोरेषा यांत उजेडावरून अंधाराकडे जाणारा बदल एकाएकी होतो. अशी कड मांडण्यास जलद बदलाचेच सहगुणक लागतात, आणि कोष्टक नेमके त्यांनाच छाटते. त्यामुळे रेषेभोवती लहरींसारखी वलये उठतात. जलरंगाच्या कागदाचा पोत हाही सूक्ष्म आणि जलद बदलच होय. तोही पुसला जातो. रेखाचित्रांसाठी पर्याय नव्हते असे नाही. १९८७ ची जिफ-पद्धती निर्हानी होती, पण तिला २५६ रंगांची मर्यादा होती. १९९६ च्या पीएनजी-पद्धतीने ती दूर केली. तरी फाइल मोठी होत असल्याने सर्वसाधारण वापरात जेपेगच टिकून राहिली.

शेवटचा थर संकेतस्थळ-साधनांचा आहे. २००३ मध्ये प्रकाशित झालेल्या वर्डप्रेसचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून लहानमोठ्या पडद्यांना साजेशा आकाराची प्रत आपोआप पुरविली जाऊ लागली. २०१६ च्या ४.५ आवृत्तीत जेपेगचा पूर्वनिर्धारित गुणांक ९० वरून ८२ वर आणला गेला. हा गुणांक शेकडेवारी नव्हे. रूढ सूत्रानुसार ९० ला कोष्टकातील भाजक २० टक्क्यांवर येतात, तर ८२ ला ३६ टक्क्यांवर. म्हणजे ९९ चा भाजक पूर्वी २० होत असे, तो आता ३६ होतो. १५ हा सहगुणक पहिल्या स्थितीत टिकतो, दुसरीत नाहीसा होतो. २०१९ च्या ५.३ आवृत्तीने २५६० पिक्सेलांहून मोठ्या चित्राची लहान केलेली प्रत वापरण्याची प्रथा घातली. वरील ४००० × ३००० चे चित्र २५६० × १९२० झाले की शेकडा ५९ पिक्सेल संक्षेपापूर्वीच कमी होतात. चित्रकाराने आधीच जेपेग दिले असेल, तर आकार बदलल्याने जुन्या चौकोनांची मांडणी मोडते आणि नव्या मांडणीवर दुसरी छाटणी होते. रंगाचे दुखणे याहून निराळे आहे. जालावरील रंगांसाठी १९९६ मध्ये सुचविलेले आणि १९९९ मध्ये मानक ठरलेले एसआरजीबी हे परिमाण गृहीत असते. विस्तृत परिमाणात जतन केलेल्या चित्राची वर्णनोंद वाटेत गळाली, तर रंगांचे आकडे तेच राहतात, पण त्यांचा अर्थ बदलतो; म्हणून तांबडा मलूल होतो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही परंपरा अनोळखी वाटू नये. प्रतीवरून प्रत होताना पाठ बिघडतो, आणि बिघाडांच्या तौलनिक अभ्यासातून प्रतींची वंशावळ लावता येते. १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती याच पद्धतीवर उभी आहे. भेद इतकाच की, लेखनिकाचा प्रमाद आकस्मिक असतो, जेपेगची हानी नियमबद्ध असते. त्यामुळे येथे एक सोयही आहे. शेवटच्या संक्षेपाचे कोष्टक फाइलमध्येच लिहिलेले असते, आणि दुहेरी संक्षेपाच्या खुणा सहगुणकांच्या वाटणीत अनेकदा सापडतात. प्रतीची चिकित्सा त्यावरून शक्य आहे. गेलेला पाठ मात्र परत मिळत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, गुणहानीच्या मुळाशी अज्ञान किंवा निष्काळजीपणा नसून, एका प्रकारच्या चित्रासाठी योग्य ठरलेला नियम सर्व प्रकारच्या चित्रांना लागू होणे हे आहे. पूर्वी मूळ चित्रातील काय गाळावे, हे छापखान्यातील कारागीर चित्र समोर ठेवून ठरवी. आता चित्र न पाहताच ते ठरलेले असते. म्हणून निर्हानी मूळ प्रत जपणे, प्रदर्शनासाठीची प्रत आवश्यक त्या आकारात व एसआरजीबी परिमाणात स्वतः तयार करणे आणि रेखाचित्रास पीएनजी वापरणे, हे चित्रकाराच्या हातचे उपाय आहेत. संशोधकाचे कर्तव्य याहून थोडे वेगळे आहे. जालावरील प्रत पुरावा म्हणून वापरताना ती कितव्या पिढीची आहे, हे त्याने आधी तपासले पाहिजे. नाहीतर संक्षेपाने पुसलेला पोत चित्रकाराच्या शैलीचा गुण म्हणून नोंदला जाण्याचा धोका आहे.