इंडेक्स काढणे : संबंधात्मक डेटाबेसमधील
तक्त्यातील शोध जलद व्हावा म्हणून बांधलेली जोडरचना, म्हणजे इंडेक्स, हटवण्याची क्रिया. इंडेक्स गेला तरी तक्त्यातील एकही नोंद हलत नाही. जाते ती फक्त शोधाची जवळची वाट.

समजा, बीड जिल्ह्यातील शेतजमिनींचा एक तक्ता आहे. त्यावर एक इंडेक्स केवळ तालुक्याचा, दुसरा तालुका, गाव व गट क्रमांक या क्रमाचा. जिल्ह्यात तालुके अवघे 11. नुसते ‘गेवराई’ म्हटले की ओळींचा ढीग पुढ्यात येतो. शिवाय हा शोध दुसरा इंडेक्सही भागवतो, कारण त्याची सुरुवातच तालुक्यापासून होते. पहिला मग निव्वळ ओझे : प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तोही दुरुस्त करावा लागतो. असा इंडेक्स खुशाल काढावा. दुसऱ्यात गट क्रमांक आधी असता, तर मात्र हा हिशोब जुळला नसता.

आज्ञा ‘ड्रॉप इंडेक्स’. मायएसक्यूएलमध्ये तिच्यासोबत तक्त्याचे नावही द्यावे लागते, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नाही. तेथे ‘कन्करंटली’ हा शब्द जोडल्यास चालू वाचन-लेखन अडत नाही. प्राथमिक किल्लीचा इंडेक्स तेथे असा सुटा निघत नाही, ते बंधनच काढावे लागते.

मायएसक्यूएल 8.0 मध्ये इंडेक्स आधी अदृश्य करून पाहता येतो. काही रखडले, तर तो क्षणात परत दिसता करता येतो. मोठ्या तक्त्यावर नव्याने बांधायला बराच वेळ जातो. वापराचे आकडे आठवडाभर शून्य दिसले म्हणून काढून टाकणे घाईचेच : वर्षातून एकदा, मार्चअखेरीस चालणारा अहवाल त्यांत आलेलाच नसतो.