दोन ठोक्यांमधल्या अंतराची कुळकथा

हृदयगतीतील चढउतार, म्हणजेच एचआरव्ही, हे लागोपाठच्या ठोक्यांमधले अंतर किती कमीजास्त होते याचे माप आहे. नाडी मिनिटाला साठ भरली तरी ठोके सेकंदासेकंदाला पडत नाहीत. एक अंतर ९६० मिलिसेकंदांचे असते, पुढचे १०१०, मग ९८०, मग १०४०. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतला, की नाडी किंचित घाई करते. सोडला, की रेंगाळते.

घड्याळाने हा फरक झाकला. १७०७ मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ पुढे आणले. मोजणी नेमकी झाली, पण साठसत्तर वेगवेगळी अंतरे एका आकड्यात विरून गेली. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल सापाची, बेडकाची की हंसाची, असा विचार आहे. तो त्रिदोषांचा हिशेब आहे, एचआरव्हीचा नव्हे. तरी त्यात संख्येपेक्षा चालीला मोल होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

श्वासाबरोबर नाडी आणि रक्तदाब हलतात, हे स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये घोड्यांवरील प्रयोगांत नोंदवले. १८४७ मध्ये कार्ल लुडविग यांनी फिरत्या दंडगोलावर त्याची रेघ उमटवली. विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्थोव्हेन यांच्या ईसीजीमुळे प्रत्येक ठोक्याचे टोक दिसू लागले आणि दोन टोकांमधले अंतर मोजता आले.

या अंतराला वैद्यकीय अर्थ मिळाला तो प्रसूतिशास्त्रात. १९६३ मध्ये हॉन आणि ली यांनी दाखवले, की गर्भ संकटात असेल तर हृदयगती बदलण्याआधीच ठोक्यांमधला फरक मावळू लागतो. सरासरी जे लपवते, ते अंतर आधी सांगते. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच म्हणावा लागेल. पुढे सत्तरच्या दशकात मधुमेहींच्या स्वायत्त चेतांची हानी ओळखण्यासाठी श्वासाच्या चाचण्या आल्या. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या चोवीस तासांच्या नोंदीत हा चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांच्या मृत्यूचा धोका १०० हून अधिक असलेल्यांच्या पाचपटीवर होता. अशी दिवसभराची नोंद शक्य झाली ती नॉर्मन होल्टर यांच्यामुळे. त्यांचे चाळीसच्या दशकातले पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते.

यामागची यंत्रणा अशी: हृदयाला आवर घालणारी व्हेगस चेता क्षणात काम करते, वेग वाढवणाऱ्या अनुकंपी चेतांना काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यागणिक होणारा बदल मुख्यतः व्हेगसचा. ताप, मद्य किंवा अतिश्रमाने तिचा जोर ओसरला, की ठोके एकसारखे पडू लागतात.

दवाखान्याबाहेर हे माप पोहोचवण्यात फिनलंडचा वाटा मोठा आहे. औलू विद्यापीठातील सेप्पो सैनायाकांगस यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी स्थापली. तिच्या बिनतारी छातीपट्ट्याने खेळाडूंची हृदयगती मैदानातच कळू लागली. त्याच औलूतून २०१३ मध्ये स्थापन झालेल्या औरा कंपनीची अंगठी आली. बोटातल्या रक्ताच्या लाटा ती प्रकाशाने टिपते. हात हलला, की हे टिपणे बिघडते; दिवसा तर जिना, चहा, बोलणे, सगळेच नाडीत उतरते. झोपेत हात स्थिर असतो आणि बाहेरचा गलबला थांबलेला असतो, म्हणून रात्रीची नोंद सोयीची ठरली.

आकडा कसा निघतो? वरच्या उदाहरणात लगतच्या अंतरांतले फरक ५०, ३० आणि ६०. त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतले, की सुमारे ४८ मिलिसेकंद येतात. अनेक अंगठ्या आणि पट्टे हेच सूत्र वापरतात, तर अ‍ॅपलचे घड्याळ सर्व अंतरांचे प्रमाण विचलन देते. त्यामुळे दोन उपकरणांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. वयानुसार हा आकडा उतरतो आणि माणसामाणसांत फार वेगळा असतो. शेजाऱ्याच्या ८० पुढे स्वतःचे ३५ पाहून घाबरण्याचे कारण नाही. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या काही आठवड्यांशी. आकडा मोठा असणेही नेहमी शुभ नसते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके मुळातच विस्कळीत पडतात आणि हेच सूत्र भरघोस उत्तर देते. तिथे निदान ईसीजीवरच होते.