धक्का कोणाचा?

शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा सामना रंगात आला की एक प्रसंग हमखास घडतो. एक मुलगा टोपलीकडे झेप घेतो, दुसरा आडवा येतो, दोघेही मातीत पडतात, आणि दोन्हीकडची पोरे एकदम ओरडतात, "फाउल, फाउल!" शिट्टी मास्तरांच्या तोंडात. चूक कोणाची धरायची?

हा तंटा खेळाइतकाच जुना आहे बरं का. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी हा खेळ बंद व्यायामशाळेसाठी काढला. फुटबॉलची धरपकड लाकडी फरशीवर चालली असती तर पोरांची हाडे मोडली असती. तेव्हा त्यांनी चेंडू घेऊन पळणेच बंद केले, म्हणजे कोणाला पाडायचे कारण उरत नाही. टोपलीही दहा फूट उंच टांगली. तिथे जोराचे काम नाही, चेंडू अलगदच सोडावा लागतो. त्यांच्या तेरा नियमांतला पाचवा नियम खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे यांना मनाई करतो. दुसऱ्यांदा तसे केले की पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर.

पण ज्याचा नेम बिघडवला, त्याच्या पदरात काय? त्यासाठी पुढे फ्री थ्रो आला. गंमत अशी की कितीतरी वर्षे संघातला एखादा पटाईत गडीच सगळ्यांचे फ्री थ्रो मारी. १९२४ च्या सुमारास अमेरिकेतील कॉलेजांच्या नियमांत ज्याला धक्का बसला त्यानेच ते मारावेत असे ठरले.

आजचा नियम जागेवर उभा आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडे आहे असे समजा. बचाव करणारा त्यात सरळ वर उडाला, हात सरळ वर ठेवले, तर अंगाला अंग लागले तरी तो निर्दोष. हात पुढे झुकले की फाउल त्याचा. नेम धरणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच समोरचा वाटेत उभा असेल, तर छातीवर आदळणारा दोषी. मागाहून सरकला, तर आडवा येणारा दोषी. मात्र टोपलीखालच्या अर्धवर्तुळात ही सवलत नाही. ते एनबीएने १९९७ मध्ये आणि फिबाने २०१० मध्ये आखले.

आणि उतरण्याची जागा! मे २०१७ मध्ये कवाय लेनर्डचा पाय उडीनंतर बचाव करणाऱ्याच्या पायावर पडला, घोटा पुन्हा दुखावला, आणि त्या मालिकेत तो पुढे खेळला नाही. त्याच वर्षी एनबीएने असल्या फाउलाची शिक्षा कडक केली.

मी स्वतः पंचगिरी करताना बरीच वर्षे चेंडूकडेच पाहत असे, आणि फसत असे. जाणते पंच बचाव करणाऱ्याकडे पाहतात: आधी त्याचे पाय, मग छाती, मग हात. चेंडू टोपलीत गेला की नाही, हे कोणीही सांगतो.