कलर रेंज जुळणी (मीडिया प्लेअर व टीव्ही)

मीडिया प्लेअर ज्या पल्ल्यात चित्राचे आकडे पाठवतो, त्याच पल्ल्यात टीव्हीने ते वाचावेत म्हणून दोन्हीकडची सेटिंग एकसारखी ठेवणे म्हणजे कलर रेंज जुळणी. ती चुकली की चित्र धुरकट दिसते, नाहीतर काळे आणि पांढरे भाग सपाट होऊन त्यांतले बारकावे जातात. टीव्हीचे पॅनेल, केबल आणि व्हिडिओ फाइल हे तिन्ही निर्दोष असतानाही हा बिघाड दिसतो. त्याच्या दुरुस्तीला पैसा लागत नाही.

दोन पल्ले

डिजिटल चित्रात प्रत्येक बिंदूची उजळता आकड्यात नोंदलेली असते. ८ बिटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मिळतात. फुल रेंजमध्ये ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. संगणक, गेम आणि जेपेग छायाचित्रे हा पल्ला वापरतात. लिमिटेड रेंजमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. दूरचित्रवाणीचे प्रसारण, डीव्हीडी, ब्लू-रे आणि ओटीटीवरचे चित्रपट सहसा याच पल्ल्यात असतात. १० बिटमध्ये लिमिटेड पल्ला ६४ ते ९४० आणि फुल पल्ला ० ते १०२३ असा होतो.

लिमिटेड नाव असले तरी त्यात चित्र कमी प्रतीचे नसते. १६ खालची आणि २३५ वरची जागा मुद्दाम राखून ठेवलेली आहे. अ‍ॅनालॉग संकेत डिजिटल करताना आणि फिल्टरमधून जाताना काठाशी थोडा उसळतो. तो कापला जाऊ नये म्हणून ही मोकळी जागा सोडली. स्टुडिओतील डिजिटल व्हिडिओसाठी १९८२ साली ठरलेल्या शिफारशीत, म्हणजे आजच्या बीटी.६०१ मध्ये, हा पल्ला आला आणि पुढे हाय डेफिनिशनच्या बीटी.७०९ नेही तो ठेवला. टीव्ही आणि संगणक वेगवेगळ्या पडद्यांवर होते तोवर दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुखाने चालल्या. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आले, लॅपटॉप आणि गेमची यंत्रे थेट टीव्हीला जोडली जाऊ लागली आणि दोन्ही पल्ले एकाच केबलमध्ये आले.

चुकीची दोन रूपे

पहिले रूप : प्लेअर लिमिटेड पाठवतो आणि टीव्ही फुल समजतो. मग १६ हा काळा राखाडी दिसतो, २३५ हा पांढरा मळकट दिसतो आणि सगळ्या चित्रावर धुरकट पडदा येतो. दुसरे रूप : प्लेअर फुल पाठवतो आणि टीव्ही लिमिटेड समजतो. मग १६ पर्यंतच्या सगळ्या छटा एकाच काळ्यात आणि २३५ वरच्या सगळ्या छटा एकाच पांढऱ्यात जातात. चित्र भडक आणि ‘दमदार’ वाटते, त्यामुळे ही चूक पुष्कळदा लक्षातच येत नाही.

खानदेशातल्या कापूस वेचणीच्या एखाद्या व्हिडिओत दोन्ही टोके एकाच चौकटीत सापडतात. तापी खोऱ्यातली काळी कसदार जमीन सावलीत गडद असते आणि उन्हातला फुटलेला कापूस जवळजवळ पूर्ण पांढरा असतो. जुळणी बरोबर असेल तर ढेकळे, भेगा, सरीतली सावली वेगवेगळी ओळखू येते आणि बोंडातल्या कापसाच्या पाकळ्या सुट्या दिसतात. दुसऱ्या रूपाची चूक असेल तर जमीन काळा पट्टा होते आणि कापूस पांढरा ठिपका होतो. पहिल्या रूपात तीच जमीन राखेसारखी करडी दिसते आणि कापूस जुन्या साठ्यातला वाटावा इतका मळतो.

खानदेशातील प्रसंग

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत डिश किंवा केबलच्या सेट-टॉप बॉक्सपुरता हा प्रश्न क्वचितच उद्भवतो, कारण बॉक्स आणि टीव्ही दोघेही सहसा लिमिटेड पल्ला धरूनच चालतात. लॅपटॉप, गेमचे यंत्र किंवा अँड्रॉइड बॉक्स एचडीएमआयने जोडला की शंका घ्यायला जागा होते. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती मोबाइलवरून मोठ्या पडद्यावर आणणे, लग्नाचे शूटिंग लॅपटॉपवरून लावणे, शाळेत प्रोजेक्टरवर माहितीपट दाखवणे हे त्याचे नेहमीचे प्रसंग.

श्रावणातल्या कानबाई देवीच्या जागरणाचे चित्रण या बाबतीत फार नाजूक. रात्रीची वेळ, दिव्यांचा प्रकाश, गडद लुगडी आणि मधे कानबाईचा सजवलेला चेहरा. चित्रातला बराचसा आशय काळ्याच्या जवळच्या छटांमध्येच असतो. जुळणी चुकली की मागे बसलेल्या बायकांचे चेहरे आधी जातात.

टीव्ही पाहण्याची जागाही महत्त्वाची. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी खिडक्या, पडदे लावून घेतले जातात. अशा अंधाऱ्या खोलीत राखाडी झालेला काळा लगेच डोळ्यांवर येतो. उजेडाच्या ओसरीत तीच चूक झाकली जाते. म्हणून तपासणी अंधारात करावी.

सेटिंगची नावे

एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिले आहे. सॅमसंग टीव्हीत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ असते. त्यात ‘लो’ म्हणजे लिमिटेड आणि ‘नॉर्मल’ म्हणजे फुल. एलजीत ‘ब्लॅक लेव्हल’चा ‘लो’ लिमिटेडसाठी आणि ‘हाय’ फुलसाठी आहे. सोनीत ‘एचडीएमआय व्हिडिओ रेंज’ असते. प्लेअरच्या बाजूला प्लेस्टेशनमध्ये ‘आरजीबी रेंज’, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डात ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’, अ‍ॅपल टीव्हीत ‘आरजीबी हाय’ व ‘आरजीबी लो’, तर कोडी या प्लेअर अ‍ॅपमध्ये लिमिटेड रेंज (१६-२३५) वापरण्याचा पर्याय असतो. एक्सबॉक्समध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणजे लिमिटेड आणि ‘पीसी आरजीबी’ म्हणजे फुल. सॅमसंगमधला पर्याय पुसट होऊन दाबता येत नसेल तर घाबरू नये. प्लेअर आरजीबीऐवजी वायसीबीसीआर या रंग नोंदवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने चित्र पाठवत असेल तर हा पर्याय बंदच राहतो.

एचडीएमआय जोडणीत चित्रासोबत पल्ल्याची माहितीही जाऊ शकते. दोन्ही यंत्रे ती नीट देत-घेत असतील तर ‘ऑटो’ पुरेसे असते. एखाद्याने ती चुकीची पाठवली किंवा दुर्लक्षिली तर हाताने सेटिंग करावे लागते.

तपासणी

१. ज्या प्लेअरवर चित्रपट पाहायचा, त्याच प्लेअरवरून आणि त्याच एचडीएमआय पोर्टमधून तपासावे. पुष्कळ टीव्हींत प्रत्येक पोर्टचे सेटिंग स्वतंत्र असते. पेन ड्राइव्ह टीव्हीलाच लावला तर प्लेअरची तपासणी होतच नाही.

२. पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर न्यावा.

३. ‘एव्हीएस एचडी ७०९’ हा मोफत मिळणारा चाचणी-चित्रसंच चालवावा. काळ्याच्या चाचणीत १६ आणि त्याखालच्या पट्ट्या दिसू नयेत आणि १७ पासून पुढच्या पट्ट्या पुसट का होईना, लुकलुकताना दिसाव्यात. पांढऱ्याच्या चाचणीत २३५ च्या खालच्या पट्ट्या वेगळ्या दिसाव्यात.

४. काळ्याच्या चाचणीत १६ खालच्या पट्ट्याही दिसत असतील तर टीव्ही फुलवरून लिमिटेडवर न्यावा. १७ च्या वरच्याही बऱ्याच पट्ट्या गडप असतील तर प्लेअर लिमिटेडवर न्यावा, किंवा टीव्ही फुलवर.

५. चित्रपटांसाठी दोन्ही टोके लिमिटेड आणि संगणकाच्या कामासाठी दोन्ही टोके फुल ठेवणे सोपे पडते.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवून-घटवून ही चूक सुधारत नाही. कापलेल्या छटा टीव्हीपर्यंत पोहोचल्यावर एक आकडा होऊन बसतात आणि त्या परत वेगळ्या करता येत नाहीत. पल्ला पुन्हापुन्हा बदलणेही टाळावे. लिमिटेडमधल्या २२० पायऱ्या २५६ वर ताणल्या की मधे रिकाम्या पायऱ्या राहतात आणि संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे उमटतात. बदल करायचा तर साखळीत एकदाच, एकाच यंत्राने करावा.

जतन करताना

टीव्हीवरची चुकीची जुळणी कधीही दुरुस्त होते. चुकीच्या पल्ल्यात नव्याने तयार केलेली फाइल मात्र कायमची बिघडते. लग्नाची जुनी कॅसेट किंवा सीडी संगणकावर उतरवताना काळे-पांढरे कापले गेले आणि मूळ प्रत टाकून दिली, तर त्या छटा पुन्हा मिळत नाहीत. घरातल्या गेलेल्या माणसांचे हलते चित्र पुष्कळदा तेवढेच उरलेले असते. म्हणून नवी प्रत आधी अंधाऱ्या खोलीत मूळ प्रतीशी ताडून पाहावी, गडद भागातले चेहरे दिसतात याची खात्री करावी आणि त्यानंतरही मूळ प्रत फेकू नये. टीव्ही जुना झाला म्हणून बदलायला निघण्याआधी दोन्हीकडची रेंज एकदा जुळवून पाहावी.